गप्प मूल आणि शांत मूल

जूनचा मध्य. बालवाडीचा पहिला दिवस. आईचा पदर घट्ट धरून साडेतीन वर्षांचा एक मुलगा फाटकाशी उभा आहे. बाई त्याची मूठ हळूच सोडवतात, आई मागे न बघता निघून जाते, आणि मग तो असे भोकाड पसरतो की त्याचे ऐकून वर्गातली आणखी दोघे-तिघे रडू लागतात. हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे.

अशा वेळी काय करावे याबद्दल शिक्षकांमध्ये दोन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणतो, “रडू द्या. लक्ष दिले की जास्तच रडतात. दोन दिवसांत आपोआप गप्प होईल.” दुसरा पक्ष काही न बोलता मुलाला कडेवर घेतो. त्यावर पहिला म्हणतो, “अहो बाई, अशाने मुले लाडावतात!”

आम्ही स्वतः बरीच वर्षे पहिल्या पक्षात होतो. शिक्षकांच्या शिबिरांमधून ‘रडण्याकडे दुर्लक्ष करा’ हा सल्ला आम्हीही दिलेला आहे. मूल खरोखरच दोन-चार दिवसांत गप्प होते, हा अनुभव आम्ही त्याला पुरावा म्हणून जोडत असू. पण एका बालवाडीत असेच गप्प झालेले एक मूल पाहिले आणि आम्ही विचारात पडलो. ती मुलगी रडत नव्हती. दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. समोर लाकडी ठोकळे होते, त्यांना तिने हात लावला नाही. खाऊ दिला, तो हातातच राहिला. दीड तासात तिने ना कोणाला काही विचारले, ना कोणाच्या खेळात डोकावून पाहिले. बाई समाधानाने म्हणाल्या, “आता छान रुळली आहे.”

ती गप्प होती हे खरे. पण ती शांत होती का? आणि गप्प होणे व शांत होणे या दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर तो फरक मुलाच्या मेंदूत कुठे दिसतो? या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्हाला आमचा जुना सल्ला मागे घ्यावा लागला. तो का, हे या लेखात पाहू.

एक जुना सल्ला आणि एक प्रयोग

‘लाडावतील’ ही भीती फक्त आपल्याकडची नाही. जॉन वॉटसन हे अमेरिकेतील वर्तनवादी मानसशास्त्राचे प्रवर्तक. १९२८ साली त्यांनी बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले. मुलांना मांडीवर घेऊ नये, मिठी मारू नये, पापे घेऊ नयेत. फार तर सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असा सल्ला त्यात होता. त्यामागचा तर्क साधारण असा : आई भूक भागवते म्हणून मूल आईला चिकटते. प्रेम म्हणजे दुधाबरोबर जडलेली सवय. मग कुरवाळण्याची गरजच काय?

हा तर्क खरा की खोटा, हे तपासायचे कसे? दूध आणि कुशी या दोन गोष्टी एकाच आईकडे असतात. त्या वेगळ्या केल्या तरच मूल कोणाकडे जाते ते कळेल. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी १९५०च्या दशकात माकडांच्या पिल्लांवर नेमके हेच केले. पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ टर्किश कापडात गुंडाळलेली. काही पिल्लांसाठी दुधाची बाटली फक्त तारेच्या आईकडे होती. तर्क बरोबर असता तर ही पिल्ले तारेच्या आईला चिकटायला हवी होती. तसे झाले नाही. पिल्ले दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहात. हे निष्कर्ष हार्लो यांनी १९५८ साली जाहीर केले.

आपल्या दृष्टीने या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पिल्लाला एका अनोळखी खोलीत सोडले. खोलीत नव्या नव्या वस्तू होत्या. कापडाची आई तिथे असेल तर पिल्लू आधी धावत जाऊन तिला बिलगे. थोड्या वेळाने मान वळवून वस्तूंकडे पाही. मग एखादी वस्तू हाताळून पुन्हा आईकडे येई, पुन्हा थोडे लांब जाई. आई नसेल तर मात्र तेच पिल्लू अंग चोरून जमिनीवर बसे, अंगठा चोखे, डुलत राही. नव्या वस्तूंकडे ते फिरकतही नसे.

म्हणजे बिलगण्यामुळे कुतूहल मारले जात नव्हते. बिलगायला मिळाले की कुतूहल जागे होत होते. अंग चोरून बसलेले ते पिल्लू वाचताना आम्हाला कोपऱ्यातली दप्तर धरलेली मुलगी आठवली.

(हे प्रयोग क्रूर होते, हेही सांगितले पाहिजे. कापडाच्या आईजवळ वाढलेली पिल्लेसुद्धा पुढे निरोगी निपजली नाहीत. त्यांना इतर माकडांत मिसळता येईना, स्वतःची पिल्ले सांभाळता येईनात. मऊ कापड हे जिवंत आईला पर्याय नव्हते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकतेविषयी पुढे जी चर्चा झाली, तिच्यातही हार्लोंच्या प्रयोगांचा उल्लेख वारंवार होतो.)

कातडीतल्या दोन प्रकारच्या तारा

मऊ स्पर्शात असे काय असते? याचे एक उत्तर आपल्या कातडीतच आहे.

स्पर्शाची वार्ता नेणारे मज्जातंतू एकाच प्रकारचे नसतात. एक प्रकार जाड, मेदाचे वेष्टन असलेल्या तंतूंचा. त्यांच्यातून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो. वस्तू कुठे टेकली, खरखरीत आहे की गुळगुळीत, हे त्यांच्यामुळे कळते. दुसरा प्रकार बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूंचा. त्यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने रांगतो. मनगटापासून पाठीच्या कण्यापर्यंतचे अंतर पाऊण मीटर धरले, तर पहिल्या प्रकारचा संदेश दीड शतांश सेकंदात कण्याशी पोहोचेल, दुसऱ्याला पाऊण सेकंद लागेल. डास चावला तर हाकलायला हे बारीक तंतू निरुपयोगीच म्हणायचे. मग ते आहेत कशासाठी?

स्वीडनमधील ओके व्हाल्बो, होकान ओलाउसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून या तंतूंचा पाठपुरावा केला. माणसाच्या हाताच्या मज्जातंतूत अतिशय सूक्ष्म सुई खुपसून एकेका तंतूतले संदेश त्यांनी नोंदले. हे बारीक तंतू केसाळ कातडीत, म्हणजे हात, पाठ, गाल अशा ठिकाणी आढळतात. तळहातावर ते अगदीच विरळ आहेत. टोचणे, दाबणे यांपेक्षा हळुवार कुरवाळण्याला ते जास्त प्रतिसाद देतात. आणि त्यांना एक विशिष्ट वेग आवडतो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने कुंचला फिरवला तर ते सर्वांत जास्त संदेश पाठवतात. त्याहून जलद किंवा त्याहून सावकाश फिरवला तर संदेश कमी होतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले की लोकांना जो वेग सर्वांत सुखद वाटतो तो हाच. झोपवताना आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग मोजून पाहा.

एका रुग्ण स्त्रीच्या आजारपणात जाड तंतू नष्ट झाले होते, बारीक मात्र शाबूत होते. तिला नेहमीसारखा स्पर्श कळत नसे. पण हातावरून कुंचला हळू फिरवला की कुठेतरी काहीतरी अंधूक, सुखद होते आहे, एवढे तिला जाणवे. २००२ साली तिच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा स्पर्शाचा नकाशा असणारा भाग उद्दीपित झालेला दिसला नाही. शरीराच्या आतल्या स्थितीची आणि भावनेची जाण ठेवणारा, इन्सुला नावाचा भाग मात्र उद्दीपित झाला होता. ‘काय टेकले’ ही बातमी एका वाटेने जाते आणि ‘कसे वाटले’ ही दुसऱ्या वाटेने. दुसरी वाट सावकाश आहे, कारण तिला घाई नाही.

करून पाहा

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल. साहित्य : रंगकामाचा रुंद मऊ कुंचला, सेकंदकाटा असलेले घड्याळ, पट्टी. जोडीदाराच्या परवानगीने त्याच्या कोपराखालच्या हातावर, केस असलेल्या बाजूला, १५ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. जोडीदाराने डोळे मिटावेत. आता हे अंतर कुंचल्याने तीन वेगांनी कापा : अर्ध्या सेकंदात, ५ सेकंदांत आणि ५० सेकंदांत. वेगांचा क्रम त्याला सांगू नका. ‘किती सुखद वाटले’ याला त्याने १ ते ५ पैकी गुण द्यावेत. वर्गातील सर्वांच्या गुणांची सरासरी काढून आलेख काढा. वेग किती झाले? सेकंदाला ३०, ३ आणि ०.३ सेंटिमीटर. बहुधा आलेख मधल्या वेगाला उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता येईल. काहींचे गुण वेगळे येतील. ते खोडू नका. काहींना असा स्पर्श मुळीच आवडत नाही, हीसुद्धा एक नोंदच आहे. तिचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

भीती वाटते तेव्हा आत काय होते?

आता फाटकाशी रडणाऱ्या मुलाकडे परत येऊ. मेंदूच्या खोल भागात, कानशिलांच्या आतल्या बाजूला, बदामाच्या आकाराचे दोन पुंजके असतात. त्यांना अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की अमिग्डला इशारा देते. तो हायपोथॅलॅमसकडे जातो, तिथून पियूषिका ग्रंथीकडे, आणि तिथून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. साखर वाढते, शरीर सज्ज होते. कॉर्टिसॉल हा काही खलनायक नव्हे. रोज सकाळी त्याचे प्रमाण वाढलेले असते आणि दिवसाची सुरुवात करायला ते हवेच असते. पण इशारा दिल्यावर तो थांबवणारेही कोणी हवे.

मोठ्या माणसात हे काम बऱ्याच अंशी कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. ‘घाबरू नकोस, ती दोरी आहे, साप नाही’ हे सांगणारा तो भाग. मेंदूत हा भाग सर्वांत शेवटी पक्व होणाऱ्यांपैकी आहे. विशीच्या मध्यापर्यंत त्याचे काम चालू असते. ‘सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो’ असे वाक्य आपण वारंवार ऐकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. मेंदूच्या आकारमानाबद्दल ते खरे आहे. पण घराच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणजे आतली वायरिंग पुरी झाली असे नव्हे. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे धोक्याची घंटा पूर्ण तयार असते, ती बंद करणारा हात मात्र अजून घडत असतो. म्हणूनच ‘गप्प बस, रडायला काय झाले’ हे त्याला कळत असले तरी जमत नाही.

मग ती घंटा बंद कोण करते? जवळचे मोठे माणूस. मूल त्याच्याकडून शांतपणा जणू उसना घेते. हे नुसते सुभाषित नाही, मोजलेली गोष्ट आहे. मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गनर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली नऊ महिन्यांच्या बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाळांना थोडा वेळ आईपासून दूर, अनोळखी सांभाळणाऱ्या बाईंजवळ ठेवले आणि लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. काही बाळांच्या वाट्याला आलेल्या बाई प्रेमळ, प्रतिसाद देणाऱ्या, खेळणाऱ्या होत्या. काहींच्या वाट्याला आलेल्या बाई तुटक वागणाऱ्या होत्या. आई तर दोन्ही ठिकाणी नव्हती. तरी प्रेमळ बाईंजवळची बाळे कमी त्रासली आणि त्यांचे कॉर्टिसॉलही कमी राहिले. म्हणजे आई जाते एवढ्यावरच ताण ठरत नाही, तिच्या जागी कोण येते यावरही तो अवलंबून असतो. बालवाडीच्या शिक्षिकेला विज्ञानाने याहून मोठी पावती कोणती द्यावी?

चाटणारी उंदरीण आणि न रडणारी बाळे

हा परिणाम तेवढ्यापुरता की टिकाऊ? माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर याचा अभ्यास केला. काही उंदरिणी पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिल्ले मोठी झाल्यावर ताणाला कमी घाबरतात आणि त्यांचे ताणाचे संप्रेरक लवकर खाली येते, असे त्यांनी १९९७ साली दाखवले. हे आनुवंशिक तर नाही? ते तपासण्यासाठी पिल्लांची अदलाबदल केली. जन्म देणारी आई कोणतीही असो, पिल्ले वाढवणाऱ्या आईसारखी निपजली. २००४ साली त्यामागची एक यंत्रणाही दिसली : मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात, ताणाच्या संप्रेरकाची दखल घेणाऱ्या जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणा दोन्ही गटांत वेगवेगळ्या होत्या. जनुक तोच, त्याचा वापर वेगळा. अर्थात माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि या निष्कर्षांवरून माणसाबद्दल थेट विधान करणे घाईचे ठरेल.

माणसाबद्दलचा पुरावा एका शोकांतिकेतून आला. रुमानियात चाउशेस्कू यांच्या सरकारने १९६६ साली गर्भपातावर कडक बंदी घातली. नको असलेली हजारो मुले सरकारी अनाथगृहांत येऊन पडली. १९८९ साली राजवट कोसळली तेव्हा जगाने ती मुले पाहिली. त्यांना अन्न होते, पाळणे होते. पण एकेका बाईच्या वाट्याला कितीतरी मुले होती. उचलून घेणारे, बोलणारे कोणी नव्हते. पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला तो एका गोष्टीने : बाळांनी भरलेल्या खोल्यांत शांतता होती. रडून कोणी येत नाही, हे ती बाळे शिकली होती.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवले. बाकीच्यांची व्यवस्था पूर्वीचीच राहिली. २००७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेली मुले बुद्धिमापन चाचण्यांत पुढे होती. जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. २००४ साली रुमानियाने कायदा करून दोन वर्षांखालील मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, अशा संस्थांत ठेवण्यास मनाई केली.

आपली तीन तासांची बालवाडी म्हणजे अनाथगृह नव्हे. घरी प्रेम मिळणाऱ्या मुलाचे चार दिवस रडण्याने कायमचे नुकसान होते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पण एक गोष्ट निश्चित शिकता येते. रडणे थांबले हा मूल सावरल्याचा पुरावा नाही. त्याने आशा सोडली, हाही त्याचा अर्थ असू शकतो.

मग वाळू आणि माती कशासाठी?

येथवर आपण माणसाच्या स्पर्शाबद्दल बोललो. माती, वाळू, पाणी, कणीक यांच्याशी खेळण्याचे काय? हल्ली ‘संवेदन खेळ’ या नावाने महागडी साहित्यपेट्या विकल्या जातात आणि ‘मेंदू तल्लख होतो’ अशी जाहिरात केली जाते. म्हणून आधी काय सिद्ध झालेले नाही ते सांगतो. अमुक खेळण्याने मुलाच्या मेंदूत तमुक जोडण्या वाढतात, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. १९६०च्या दशकात बर्कले येथे खेळणी व सोबती असलेल्या पिंजऱ्यातील उंदरांच्या मेंदूचे बाह्यक थोडे जाड झालेले आढळले होते. पण तुलना होती ओक्याबोक्या पिंजऱ्यातल्या एकट्या उंदराशी. अंगणात हुंदडणाऱ्या मुलाला त्यावरून ‘जादा समृद्ध’ करता येत नाही. १९९३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या मोझार्टच्या संगीताच्या एका छोट्या प्रयोगाचे असेच झाले. त्यात आढळलेला परिणाम पंधरा मिनिटांच्या आतबाहेर टिकणारा होता. तरी बाळांसाठी संगीताच्या तबकड्यांचा बाजार उभा राहिला!

मग माती-पाण्याचा उपयोग काय? आमच्या मते तीन गोष्टी सांगता येतात. पहिली : मेंदूतील स्पर्शाच्या नकाशात बोटांना आणि ओठांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा आहे, हे वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली दाखवले. लहान मूल जग हाताने वाचते. त्याचे लक्ष हातात सहज रमते. दुसरी : माती-पाण्यात चूक होत नाही. ठोकळ्यांचा मनोरा पडतो, चित्र ‘चुकते’. पाणी ओतणे कधी चुकत नाही. घाबरलेल्या मुलाला असेच काम हवे असते. तिसरी, सर्वांत महत्त्वाची : हा खेळ शेजारी बसून खेळता येतो. ज्या मुलाला अनोळखी बाईंच्या कडेवर जायचे नाही, ते बाईंच्या शेजारी घमेल्यात हात घालून बसू शकते. न बोलता, डोळ्याला डोळा न भिडवता ओळख वाढते. थोडक्यात, खेळ हे औषध नव्हे, तो दुवा आहे.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम उभे केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरींची महाग साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंची साधने बनवली.

वर्गात काय करता येईल?

पहिल्या पंधरवड्यात आम्ही शिक्षकांना आता पुढील गोष्टी सुचवतो.

१. ठरलेले माणूस. प्रत्येक नव्या मुलासाठी एकच बाई किंवा मदतनीस ठरवा. रोज त्यांनीच त्याला फाटकाशी घ्यावे. आईने चोरून निघून जाऊ नये. ‘जाते, खाऊच्या सुट्टीनंतर येते’ असे सांगून जावे आणि त्या वेळी खरोखर यावे.

२. पाण्याचा कोपरा. एका परातीत बोटभर पाणी, दोन तांबे, नरसाळे, गाळणी. मूल येईल तेव्हा येईल. बाईंनी शेजारी बसून स्वतः पाणी ओतत राहावे. बादली किंवा टाकी जवळ उघडी नको; थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून तिथून उठायचे नाही.

३. माती आणि कणीक. मळलेला गोळा दाबणे, लांबवणे, आपटणे. रागावलेल्या मुलाला आपटायला माणूस नको, गोळा द्यावा.

४. चाळलेली वाळू. त्यात शंख-शिंपले लपवावेत आणि शोधायला लावावेत. वाळू रात्री झाकून ठेवावी, नाहीतर मांजरे घाण करतात.

५. पिशवीतली ओळख. कापडी पिशवीत नारळाची शेंडी, गुळगुळीत गोटा, कापूस, घासणी ठेवून न पाहता ओळखायचे. तीन वर्षांखालील मुलांना चिंचोके-मण्यांसारख्या बारीक वस्तू देऊ नका, त्या घशात अडकतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया तर कोणत्याच वयात नकोत; चावल्या गेल्या तर विषारी असतात.

६. भावनेला शब्द. ‘रडू नको’ऐवजी ‘आई गेली म्हणून वाईट वाटतेय ना?’ असे म्हणावे. भावनेला नाव दिले की अमिग्डलाची हालचाल मंदावते, असे २००७ साली मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाला प्रौढांमध्ये आढळले. मुलांच्या बाबतीत निदान एवढे नक्की, की नाव असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगता येते.

हात पुढे करा, लादू नका

एक प्रश्न शिक्षक दबक्या आवाजात विचारतात : “आजच्या दिवसांत मुलांना जवळ घ्यावे की नाही?” प्रश्न रास्त आहे. २०१२ साली बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध कायदा झाला आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल आपण अधिक जागरूक झालो, हे चांगलेच झाले. त्याचा अर्थ मुलांना हातच लावू नये असा नाही. नियम साधा आहे. स्पर्श मुलाच्या गरजेसाठी असावा, आपल्या हौसेसाठी नव्हे. तो सर्वांसमोर, उघड्या दारात असावा. आणि तो मुलाने मागितलेला असावा. हात पुढे करून थांबावे. मूल आले तर घ्यावे, न आले तर शेजारी बसावे. वरच्या प्रयोगात ज्यांना कुंचला आवडला नव्हता, ते आठवावेत. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, हलका स्पर्शही नकोसा होतो, ओल्या मातीचा किळस येतो. त्यांना जबरदस्तीने चिखलात बसवणे म्हणजे धोक्याची घंटा आपणच वाजवणे. ‘माझ्या अंगाला हात लावायचा की नाही हे मी ठरवते’ हा धडाही मूल इथेच शिकते, आणि सुरक्षिततेचा पहिला धडा तोच आहे.

कोपऱ्यातल्या त्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या बालवाडीच्या मदतनीस बाईंनी आमच्या चर्चेची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्यांची कणीक मळताना त्या परात घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. एक छोटा गोळा परातीच्या काठावर ठेवला. बऱ्याच वेळाने मुलीने तो उचलला. तिने त्याची पोळी केली, मग साप केला. मग दप्तर खाली ठेवले, कारण दोन्ही हात लागत होते. आणि मग तिने पहिला प्रश्न विचारला, “हे कशाचं?”

मूल शांत झाले की नाही हे ओळखायला कॉर्टिसॉल मोजावे लागत नाही. ते प्रश्न विचारू लागते.